रुळांपलीकडचा नळ

४ फेब्रुवारी

आज सभागृहात पहिल्यांदा बसलो. खुर्ची एकतीस नंबरची, खांबाला लागून. तिथून महापौर अर्धेच दिसतात. सव्वीस वर्षं लोकांच्या बेसिनखाली उताणं पडून काम केलेल्या माणसाला गादीच्या खुर्चीत बसवलं की हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. मी ते मांडीखाली ठेवले.

निवडून आलो ते काही माझ्या गुणांनी नाही. दोन मोठ्या पक्षांनी एकमेकांची इतकी उणीदुणी काढली की आमच्या चढाच्या गल्लीतले लोक म्हणाले, त्यापेक्षा आपला प्लंबर बरा, निदान बोलावलं की येतो तरी.

ही वही बायकोने आणून दिली. ती सरकारी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसते, तिला लिहायची सवय आहे. "तिथे बोलायला जमलं नाही तर इथे लिहा," म्हणाली. "पोटात ठेवू नका. तुम्हाला पित्त होतं."

आज दीड तास भटक्या कुत्र्यांवर चर्चा झाली. एकाने भूतदया सांगितली, दुसऱ्याने पॅन्ट वर करून पोटरी दाखवली. निर्णय पुढच्या सभेत. मला पाणी समितीवर घेतलंय. महापौर म्हणाले, "प्लंबरसाहेब, तुमच्यासारखा जाणकार हवाच होता आम्हाला." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१८ फेब्रुवारी

सभेचा पहिला अर्धा तास नागरिकांचा असतो. कुणीही यावं आणि तीन मिनिटं बोलावं. आज रुळांपलीकडच्या वस्तीतली एक शिवणकाम करणारी बाई आली होती. पंचेचाळिशीची असेल. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती, बहुतेक काम टाकून आली असावी.

तिने हातातला कागद पाहिलाच नाही. म्हणाली, "एकशे बारा घरं आहेत, नळ एकही नाही. मालधक्क्याच्या टोकाला एक नळ आहे, तिथून पाणी आणायला सहा रूळ ओलांडावे लागतात. गेल्या महिन्यात एक नऊ वर्षांची पोरगी कॅनसकट रुळावर पडली. गाडीवाल्याने ब्रेक मारला म्हणून जीव वाचला, पाय मोडला. आम्हाला फुकट नको. मीटर लावा, बिल पाठवा. पण नळ द्या."

घंटा झाली. महापौर म्हणाले, "तुमची व्यथा सभागृहाच्या काळजापर्यंत पोचली आहे." मग चिटणीसांनी सांगितलं की ती जमीन रेल्वेची की शहराची हा वाद वीस वर्षं चालू आहे. तिथे नळ देणं म्हणजे वस्तीला मान्यता दिल्यासारखं होईल. आणि वरच्या भागाचे एक नगरसेवक उठून म्हणाले, "पाणी जाणार ते आमच्याच मोठ्या लाइनमधून. चढावर आधीच रडतखडत येतं. विचारा ना, प्लंबर समोरच बसलेत!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. अशी की बघणाऱ्याला हवं तर होकार वाटावा, हवं तर नकार.

बाई मात्र माझ्याकडे बघतच राहिली. मी कागद चाळायला घेतले.

२७ फेब्रुवारी

आज मोठा दिवस होता. आमच्यात एक निवृत्त प्राध्यापिका आहेत, फार विद्वान. त्यांनी ठराव मांडला, की पिण्याचं पाणी हा जगातल्या प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि जगातल्या सर्व सरकारांनी तो मान्य करावा, असं आपल्या शहराने जाहीर करावं. काय बोलल्या! वाळवंटातल्या बायका, युद्धात तोडलेल्या पाइपलाइन, गढूळ पाणी पिऊन मेलेली मुलं. माझ्या अंगावर काटा आला. कुत्र्यांवर एकमेकांच्या उरावर बसणारे दोन्ही पक्ष आज एक झाले. ठराव एकमताने पास. सगळे उभे राहिले, टाळ्या, फोटो. मीही हात इतका वर केला की खांदा दुखतोय.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती केस विंचरत होती. म्हणाली, "जगातल्या म्हणजे रुळांच्या पलीकडच्याही का?"

आता तिला काय सांगायचं? तो विषय वेगळा, हा वेगळा. तो पाणी समितीत आहे, त्याला अजून क्रमांकही मिळालेला नाही. तिला कामकाजाची पद्धत माहीत नाही, त्यामुळे असे प्रश्न पडतात. तसं सांगितलं. "असेल बाई," म्हणून ती झोपायला गेली.

३ मार्च

बेकरीवाला आला होता. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. ताजा पाव घेऊन आला तेव्हाच ओळखलं की काहीतरी काम आहे.

"हे बघ," म्हणाला, "माझी भट्टी पहाटे पेटते. सहा ते आठ मला पाणी लागतं म्हणजे लागतं. त्या वेळेत लाइन कुणाला दिलीस तर मी दुकानाला कुलूप लावून तुझ्या दारात बसेन. आम्ही तुला तिथे पाठवलाय तो आमच्यासाठी. जगाचं भलं करायला दुसरे आहेत."

पाव मस्त होता. त्याच्या बोलण्याने घास घशात अडकला असं म्हणणार नाही, दोन खाल्ले. पण तो बोलला त्यात चुकीचं काय, ते मला अजून सापडलेलं नाही.

१० मार्च

पाणी समितीत आज माझं नाव झालं. अभियंते नकाशा पसरून सांगत होते की विषय गुंतागुंतीचा आहे. सगळे कंटाळले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आपण परवा जगाला पाणी देऊन बसलो. त्या जगात रुळांपलीकडचे येतात की नाही?"

मग प्राध्यापिकाबाईंनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात प्रश्न!" महापौरही हसले, पण जरा उशिरा. ऐन वेळी मला असं कसं सुचलं कोण जाणे. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "छान बोललात." तिच्या चेहऱ्यावर काही वेगळं होतं, पण ती दमलेलीही असते.

१४ मार्च

महापौरांनी त्यांच्या खोलीत चहाला बोलावलं. माणूस तसा वाईट नाही. त्यांनी माझ्या कपात स्वतःच्या हाताने साखर घातली.

म्हणाले, "तुम्ही कात्रीत सापडलाय हे मला दिसतंय. इकडे गल्ली, तिकडे माणुसकी. मी मार्ग काढलाय. वस्तीला नळ देऊ. पण दुपारी बारा ते दोन. त्या वेळी चढावर कुणाला पाणी लागत नाही. कुणाचा एक थेंबही कमी होणार नाही. ठराव एकमताने होईल, आणि तो मांडायचा तुम्ही. पुढच्या वर्षी पाणी समितीचं अध्यक्षपदही मोकळं होतंय. असो, तो पुढचा विषय."

साप मरतो, काठीही तुटत नाही. इतका सोपा उपाय अभियंत्यांना का सुचला नाही? मी उड्या मारतच घरी आलो.

बायको म्हणाली, "दुपारी घरी कोण असतं?"

मी चिडलो. म्हटलं, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय लागलीये. ती म्हणाली, "खोट नाही काढत. खिडकीवर येतात त्यातल्या बायका. पोराला जुलाब होत असले तरी सकाळी नाही येत, कारण सातला कामावर जायचं असतं. संध्याकाळी येतात. पत्ता विचारला की 'रुळांच्या पलीकडे' म्हणतात. आमच्या यादीत तसा पत्ता नाही, म्हणून मी 'मालधक्का' लिहिते. गेल्या महिन्यात एकेचाळीस पोरं मालधक्क्याची होती. साहेबांनी विचारलं, मालधक्क्यावर एवढी पोरं कशी राहतात?"

हे मला आधी का सांगितलं नाहीस, असं विचारणार होतो. नंतर आठवलं की या महिन्याच्या सुरुवातीला जेवताना ती काहीतरी एकेचाळीस म्हणत होती आणि मी समितीचे कागद चाळत होतो.

२० मार्च

लोक दाबाबद्दल बोलतात, मोजत कुणीच नाही. अभियंत्यांना म्हटलं, मोजून तर पाहू. ते म्हणाले, "कागदोपत्री मला विचारू नका. पण पायथ्याच्या व्हॉल्वची चावी गुरुवारी माझ्या टेबलावर विसरलेली असेल." इतकी वर्षं त्यांना मी कोरडा माणूस समजत होतो.

आज सकाळी सहाला सुरुवात केली. चढाच्या पायथ्याला लाइन धुवायचा व्हॉल्व असतो. वस्तीला लागेल तेवढं पाणी तिथून सोडून दिलं आणि वर घराघरांत बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मी खाली पान्हा घेऊन, बायको वर घड्याळ घेऊन. तिने रजा काढली होती. खालच्या घरांना काही फरक नाही. बेकरीत अर्ध्या मिनिटाचा. चढाच्या टोकाला, वरच्या मजल्यांवर, चार मिनिटांत भरणारी बादली सहा मिनिटांत भरली.

टोकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझी आई राहते. ऐंशी वर्षांची आहे, खाली आमच्याकडे यायला तयार नाही. सुनेला म्हणाली, "त्याला विचार, नगरसेवक झालास तो आईचं पाणी तोडायला का?" 

म्हणजे फरक पडतो. मला वाटलं होतं पडणार नाही. खरं सांगायचं तर पडू नये अशी फार इच्छा होती. खूप पडला असता तरी चाललं असतं, मग विषयच संपला असता. दोन मिनिटं. धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही.

२४ मार्च

आज सोमवार. हातातलं काम लवकर आटपलं म्हणून दुपारी बाराला रूळ ओलांडून पलीकडे गेलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तिथे नळच नाही, तर प्लंबरला कोण बोलावणार?

घरं पत्र्याची आहेत, पण रांगेत आणि झाडून स्वच्छ. दारंच दारं, आणि दारांना कुलपं. मोजत गेलो. एकशे बारातल्या एकोणनव्वद घरांना कुलूप होतं. उरलेल्यांत म्हातारी माणसं, तान्ही पोरं. एका आजोबांना विचारलं, बाकीचे कुठे? ते म्हणाले, "कामाला. तुमच्याच बाजूला असतील सगळे. तुम्हाला दिसले नाहीत का?"

शिवणवाल्या बाईंचं मशीन दारातच होतं. त्यांनी मला लगेच ओळखलं. "मान हलवणारे साहेब," म्हणाल्या. माझे कान तापले. तरी बसायला स्टूल दिलं आणि पाणी दिलं, पेलाभर. मला तहान नव्हती. सवयीप्रमाणे दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला. त्यांनी तो उचलला आणि उरलेलं पाणी, सांडू न देता, कपडे भिजवायच्या टबात ओतलं. त्या मला तासभर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी विचारलं, "दुपारी बारा ते दोन पाणी दिलं तर?"

त्यांनी सुईतून दोरा ओढून घेतला. म्हणाल्या, "तुम्ही दुपारी आंघोळ करता का?"

"म्हातारी माणसं भरून ठेवतील ना?"

"ठेवतील की. त्यांना वीस लिटरचा कॅन उचलून दाखवायला सांगा तुम्हीच." मग जरा नरमल्या. "दादा, तुम्ही बरे दिसता म्हणून सांगते. तुम्ही नळ दिलात आणि तो आमच्या कामाचा नसला, तर उद्या आम्हाला बोलायची सोय राहणार नाही. 'दिला की तुम्हाला नळ,' म्हणाल."

परत येताना घड्याळ लावलं. वस्तीपासून मालधक्क्याच्या नळापर्यंत जाऊन परत, रिकाम्या हातांनी, चाळीस मिनिटं.

२९ मार्च

प्राध्यापिकाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमची तांत्रिक बाजू आमच्यासाठी सोन्याची आहे. सभागृहात फक्त एवढंच सांगा, की चढावर फरक पडणार नाही."

"पण पडतो. वर दोन मिनिटांचा."

"दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही हो. तुम्ही 'पडतो' म्हणालात की त्यांना तेवढंच पुरेल."

दुपारी महापौर जिन्यात भेटले. त्यांना मोजमापाची बातमी लागलेली आहे. म्हणाले, "आकडे वगैरे नकोत. लोक गोंधळतात. 'सकाळी दिलं तर कमी होईल,' इतकंच म्हणा. ते खरंच आहे ना? आणि मग दुपारची सूचना मांडा."

एकाला 'नाही' हवंय आणि एकाला 'हो' हवंय. दोन मिनिटं कुणालाच नको आहेत. बायकोला म्हटलं, गप्प बसलो तर? ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसता तेव्हा घोरता तरी. तिथे तेही करता येणार नाही." मग काही वेळाने म्हणाली, "चढावरच्यांनी नळापाशी दोन मिनिटं जास्त उभं राहायचं, की त्यांच्या पोरींनी चाळीस मिनिटं चालायचं. मला तर एवढंच कळतं."

तिला सगळं फार सोपं वाटतं.

३ एप्रिल

सकाळी दहापासून सभा. वरची गॅलरी भरलेली. डावीकडे आमची गल्ली, बेकरीवाला पहिल्याच रांगेत. उजवीकडे वस्तीतली वीसेक माणसं, कामावरचा दिवस बुडवून आलेली. शिवणवाल्या बाई मधोमध. बायको मागे दाराशी उभी होती. मी बोलावलं नव्हतं.

चर्चा तीन तास चालली. मला वाटायचं, विरोध करणारे सगळे दगड असतात. तसं नाही. वरच्या भागाचे नगरसेवक म्हणाले, "माझ्या भागातल्या लोकांनी नवीन लाइनसाठी नऊ वर्षं अर्ज केले, कर भरले, रांगेत उभे राहिले. आज रांगेबाहेरच्याला आधी दिलंत, तर उद्या रांगेत कोण उभं राहील?" याला उत्तर द्यायला प्राध्यापिकाबाई उठल्या. पण त्या पुन्हा वाळवंटात गेल्या आणि डावी गॅलरी हसली. एक तरुण नगरसेवक म्हणाला, "आज पाणी मागतात, उद्या शाळा मागतील, परवा मतदार यादीत नाव मागतील." त्याला वाटलं ही भीती घालायची गोष्ट आहे. उजव्या गॅलरीतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "हो." महापौरांनी गॅलरीला ताकीद दिली.

मग एक म्हातारे सदस्य उठले, पूर्वी पोस्टमन होते, सहसा बोलत नाहीत. म्हणाले, "मी तीस वर्षं त्या वस्तीत पत्रं टाकली. पत्ता नव्हता तरी पोचत होती. पत्र पोचतं तिथे पाणी का पोचत नाही, ते मला समजून घ्यायचंय." आणि खाली बसले.

महापौरांनी माझं नाव पुकारलं. दुपारच्या सूचनेचा कागद टाइप करून माझ्यासमोर ठेवलेला होता. खाली माझं नावही छापलेलं. मी उठलो. माइकचं बटण सापडेना. शेजारच्याने दाबून दिलं.

मी म्हणालो, "मी प्लंबर आहे. मोजलंय तेवढंच सांगतो. वस्तीला सकाळी पाणी दिलं तर चढाच्या खालच्या घरांना काही फरक पडत नाही. बेकरीत बादलीमागे अर्धं मिनिट जातं. टोकाच्या वरच्या मजल्यांवर दोन मिनिटं जास्त लागतात. तिथे माझी आई राहते. तिलाही लागणार."

डावी गॅलरी उठली. "बघा! बघा! स्वतःच कबूल करतोय!" प्राध्यापिकाबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं संपलं. पण तोंड सुरू झालं होतं.

"हा दुपारचा कागद. यावर माझं नाव आहे. बारा वाजता मी वस्तीत गेलो होतो. एकशे बारातल्या एकोणनव्वद घरांना कुलूप होतं. ती सगळी माणसं तेव्हा आपल्याकडे काम करत होती, आपले जिने पुसत होती, आपली पोरं सांभाळत होती. दुपारचा नळ कुलपांसाठी आहे. मी हे मांडणार नाही. चढावरच्या माणसाने नळापाशी दोन मिनिटं जास्त उभं राहायचं, की पलीकडच्या पोरीने चाळीस मिनिटं रुळांतून चालायचं, एवढाच प्रश्न आहे. मला वाटतं आपण उभं राहावं. ज्याला वाटत नाही त्याने हात वर करू नये. पण फरक पडत नाही असंही म्हणू नका, आणि गल्ली कोरडी पडेल असंही म्हणू नका. दोन मिनिटं. आकडा माझा आहे. चुकला तर मला धरा."

बसलो तेव्हा कळलं की कागद हातात चुरगळून गेला होता.

हात दोनदा मोजावे लागले. बाजूने एकवीस, विरुद्ध एकोणीस. रोज सकाळी दोन तास, एक सार्वजनिक नळ, मीटरसह, जमिनीच्या वादाला बाधा न आणता. महापौरांनी निकाल वाचला आणि माझ्याकडे न बघता पुढचा विषय घेतला, बागेतल्या बाकांचा रंग.

बाहेर जिन्यात बेकरीवाला उभा होता. मी म्हटलं, "अरे, अर्धंच मिनिट..." तो म्हणाला, "मिनिटाचं नाही रे. आम्ही तुला आपला समजत होतो." आणि उतरून गेला.

४ एप्रिल

पेपरात आलंय. "दोन मिनिटं उभं राहायचं की चाळीस मिनिटं चालायचं: प्लंबर नगरसेवकाचा सवाल." कात्रण वहीत चिकटवलं. बायकोने चष्मा लावून वाचलं. म्हटलं, कसं वाटलं? म्हणाली, "शब्द चांगले आहेत." बहुधा तिच्या लक्षात नसावं की असंच काहीतरी तीही म्हणाली होती. मी विषय काढला नाही. उगाच तिला वाटायचं मी श्रेय देतोय.

आता हे लिहिल्यावर वाचलं. बरं दिसत नाहीये. उद्या तिला सांगावं.

१२ मे

गेल्या पाच आठवड्यांत गल्लीतून मला एकही काम आलेलं नाही. चौथ्या नंबरच्या इमारतीत टाकी गळतेय. त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाचा प्लंबर आणला. त्याने जोड उलटा बसवलाय, रस्त्यावरून दिसतं. जाऊन सांगावं असं फार वाटलं.

आई मात्र माझ्या बाजूने भांडते असं कळलं. शेजारणीला म्हणाली, "नळ सुरू झाला की बादली लावून मी जपाला बसेन. आत्ता जप अर्धवट राहतो." मला भेटली की मात्र पाण्यावरूनच बोलणी खावी लागतात.

बायकोला सांगितलं का? नाही अजून. वेळ मिळाला नाही.

२० जून

नळ सुरू झाला. कंत्राटदाराचा माणूस आला नाही, म्हणून शेवटचं कपलिंग मीच बसवलं. पाणी आधी तांबडं आलं, मग पांढरं, मग स्वच्छ. कुणी भाषण केलं नाही. महापौर येणार होते, आले नाहीत. बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि सगळ्यांना सातच्या कामाची घाई होती, त्यामुळे मला बाजूला व्हायला सांगण्यात आलं.

बायको आली होती. रांगेतल्या निम्म्या बायका तिला नावाने ओळखतात. मला आश्चर्य वाटलं. "तुम्हीच का त्या खिडकीतल्या ताईंचे मिस्टर?" असं एकीने विचारलं. मी हो म्हणालो.

घरी परतताना सांगितलं तिला, ते पेपरातलं वाक्य तुझं होतं. आणि समितीतलंही. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत नाही." तेवढंच. मग रस्ताभर ती रुग्णालयातल्या तुटलेल्या पंख्याबद्दल बोलत होती.

९ सप्टेंबर

आजच्या सभेत माझी जी शोभा झाली ती लिहितो.

नागरिकांच्या वेळेत शिवणवाल्या बाई उठल्या. मला वाटलं, चला, आभार मानायला आल्या. मी जरा सावरूनही बसलो. त्या म्हणाल्या, "नळाखाली फरशी नाही. चिखल होतो, पोरं घसरतात. पाण्याची वेळ साडेसहा सांगितली आणि येतं पावणेसातला. आम्ही दर महिन्याला बिल भरतो, वेळेवर. आमचे नगरसेवक हे समोर बसलेत, खांबाशेजारी. नळ लावल्यापासून या माणसाने तिकडे तोंड दाखवलेलं नाही. त्यांना विचारा, ते कुठे होते?"

अख्खं सभागृह हसलं. महापौर सगळ्यात जास्त. मी लालबुंद. आभाराचा एक शब्द नाही! त्या बाईंसाठी मी गल्ली तोडून घेतली.

सभा संपल्यावर चिटणीस इतिवृत्ताचा कागद घेऊन आले. म्हणाले, "एक अडचण आहे. त्या 'आमचे नगरसेवक' म्हणाल्या. पण वस्ती कागदोपत्री कुठल्याच प्रभागात नाही. त्यामुळे 'एक नगरसेवक' असं दुरुस्त करतो."

रागातच होतो. म्हटलं, "त्या बोलल्या तसंच ठेवा. दुरुस्ती नको."

घरी आल्यावर सगळं बायकोला सांगितलं, अगदी चिडून. तर ती हसायलाच लागली. हातातली भांडी खाली ठेवून हसली, डोळे पुसले आणि परत हसली. "भर सभेत?" म्हणाली. "सगळ्यांसमोर? 'आमचे' म्हणाल्या तुम्हाला?" यात एवढं आनंदाचं काय आहे, ते मला कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "उद्या सांगते. आधी त्या फरशीचं बघा."

उद्या सकाळी टेप घेऊन जातोय. फरशीचं माप घ्यायचं आहे आणि पाणी किती वाजता येतं ते स्वतः उभं राहून बघायचं आहे. त्या पावणेसात म्हणतात. माझा अंदाज सहा चाळीस.